वैद्यकीय उपकरणांच्या आराखड्यातील जोखीम व्यवस्थापन

वैद्यकीय उपकरणामुळे रुग्णाला, ते हाताळणाऱ्याला किंवा आसपासच्यांना कोणती इजा होऊ शकेल हे आराखडा करतानाच शोधणे, तिची शक्यता आणि गांभीर्य यांचा अंदाज घेणे, ती टाळण्याची सोय उपकरणातच करणे आणि उपकरण वापरात आल्यावर हे अंदाज पुन्हा तपासत राहणे, अशा सलग कामाला जोखीम व्यवस्थापन म्हणतात. त्यासाठी आयएसओ १४९७१ हे आंतरराष्ट्रीय मानक पायाभूत मानतात. त्याची पहिली आवृत्ती २००० साली निघाली. तिसरी आवृत्ती २०१९ची आहे.

धोका, धोकादायक स्थिती आणि इजा या तीन पायऱ्या हे मानक वेगळ्या ठेवते. इन्फ्यूजन पंपाच्या नळीत हवा शिरणे हा धोका, ती हवा रुग्णाच्या शिरेकडे निघणे ही धोकादायक स्थिती आणि रक्तप्रवाह अडणे ही इजा. साखळी अशी मांडली की ती कुठे तोडता येईल हे दिसते. या पंपात बुडबुडा ओळखून पंप थांबवणारा संवेदक बसवतात. इजेची शक्यता आणि गांभीर्य या दोहोंचा एकत्र विचार म्हणजे जोखीम.

विश्लेषणाच्या दोन पद्धती रूढ आहेत. एफएमईए पद्धतीत एकेक सुटा भाग घेऊन तो बिघडला तर काय होईल हे पाहतात. दोषवृक्ष पद्धतीत अपघातापासून सुरुवात करून कारणांकडे उतरतात. एफएमईएची मर्यादा अशी की एकही भाग न बिघडता, केवळ चुकीच्या हाताळणीतून होणारी इजा तिच्या तक्त्यात सहज निसटते. म्हणून वापरसुलभतेची तपासणी आयईसी ६२३६६ या स्वतंत्र मानकाखाली होते.

उपायांचा क्रम हा या विषयाचा गाभा आहे. पहिला मान मुळात सुरक्षित रचनेला, दुसरा संरक्षक योजनेला. सूचना, इशारे आणि प्रशिक्षण सर्वांत शेवटी. भूल देण्याच्या यंत्रावरील पिन इंडेक्स पद्धत हे पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड यांच्या छोट्या सिलिंडरांच्या व्हॉल्व्हवरील छिद्रांच्या जागा वेगळ्या असतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा सिलिंडर बसतच नाही. रात्रपाळीच्या थकलेल्या तंत्रज्ञाने लेबल नीट वाचले की नाही, यावर रुग्णाचा जीव टांगलेला राहत नाही. प्रत्यक्षात मात्र अनेक आराखड्यांत सर्वांत स्वस्त म्हणून माहितीपुस्तिकेतील इशाऱ्यावरच भागवले जाते. असा इशारा जोखीम कमी करत नाही, ती वापरणाऱ्याच्या डोक्यावर ठेवतो.

हा क्रम मोडल्यावर काय होते हे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने दाखवले. अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीच्या या यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना प्रचंड अतिमात्रा मिळाली आणि त्यांतील किमान तिघे त्यामुळे दगावले. थेरॅक-२० या आधीच्या यंत्रात चुकीचा झोत अडवणारे स्वतंत्र विद्युत-यांत्रिक इंटरलॉक होते. नव्या यंत्रात ते वगळून ती जबाबदारी पीडीपी-११ संगणकावरील सॉफ्टवेअरवर सोपवली. १९८३च्या दोषवृक्ष विश्लेषणात सॉफ्टवेअरमधील चुका विचारात घेतल्याच नव्हत्या. संगणक चुकीची ऊर्जा निवडण्याची शक्यता मात्र दहा हजार कोटींत एक अशी लिहिली होती. एवढ्या नेमक्या आकड्याला कोणताही आधार नव्हता.

टेक्सासमधील टायलर येथे मार्च १९८६मध्ये तंत्रज्ञाने इलेक्ट्रॉन झोताऐवजी चुकून क्ष-किरणांची कळ दाबली आणि लगेच दुरुस्ती केली. चुंबकांची मांडणी पूर्ण व्हायला सुमारे आठ सेकंद लागत; त्या अवधीत झालेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाने टिपली, दुसऱ्याने टिपली नाही. क्ष-किरणांसाठीचा तीव्र झोत मधला अडथळा नसताना थेट रुग्णावर पडला. पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’ असे उमटले. असे संदेश रोजचेच असल्यामुळे पुढे जाण्याची कळ दाबली गेली आणि झोत पुन्हा सुटला. सुमारे १८० रॅडऐवजी हजारो रॅड मात्रा गेली आणि काही महिन्यांनी रुग्णाचा मृत्यू झाला. तीन आठवड्यांत तिथेच दुसरा अपघात झाला. तेव्हा रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ यांनी मिळून कळांचा तोच क्रम वेगाने दाबून बिघाड पुन्हा घडवून दाखवला. अतिमात्रा अशक्य आहे, असे निर्मात्याकडून तोवर सांगितले जात होते.

तीच चूक थेरॅक-२०च्या सॉफ्टवेअरमध्येही होती, असे नंतर आढळले. पण तिथल्या स्वतंत्र इंटरलॉकमुळे फक्त फ्यूज उडत. रुग्णांना इजा होत नव्हती. १९८७मध्ये थेरॅक-२५वरही स्वतंत्र संरक्षक इंटरलॉक बसवण्यात आले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली केलेली या प्रकरणाची चिकित्सा आजही अभियांत्रिकीत शिकवली जाते.

सॉफ्टवेअर झिजत नाही, म्हणून भागांच्या बिघाडाची संभाव्यता मोजण्याची रीत त्याला लागू पडत नाही. २००६च्या आयईसी ६२३०४ मानकाने सॉफ्टवेअरचा सुरक्षावर्ग ठरवताना बिघाड होणारच असे धरून चालायला सांगितले. इतके करूनही काही जोखीम उरते. ती उपचाराच्या लाभाशी ताडून पाहतात: पेसमेकर बसवताना जंतुसंसर्गाची शक्यता असते, पण तो न बसवणे कित्येक रुग्णांच्या जिवावर बेतू शकते.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८पासून लागू झाले. त्यांनुसार उपकरणांचे जोखमीच्या चढत्या क्रमाने अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचे परवाने राज्यांकडे, पुढच्या दोहोंचे केंद्रीय यंत्रणेकडे. परवान्याच्या कागदपत्रांत जोखीम विश्लेषण द्यावे लागते. मात्र ही फाइल परवाना मिळाला की मिटवून ठेवायची नसते. वापरात आलेल्या प्रत्येक तक्रारीने तिच्यातील अंदाज बदलला पाहिजे, आणि तक्रार कळवली गेली नाही तर ते घडत नाही. २०१५पासून भारतीय औषधकोश आयोगामार्फत मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि जैववैद्यकीय अभियंते यांनी उपकरणामुळे झालेली इजा, किंवा थोडक्यात टळलेली इजाही, तिथे अवश्य नोंदवावी.