हिमभार आणि यवतमाळचे छप्पर

छपरावरील भाराची कल्पना प्रदेशाच्या हवामानातून घडते. यवतमाळात बर्फ साचत नाही. 'हिमभार' हा शब्द येथे केवळ ग्रंथांतूनच आला. पन्हळी पत्र्याचे पेटंट हेन्री पामर यांनी लंडनमध्ये १८२९ साली घेतले. पुढे तोच पत्रा कापसाच्या जिनांच्या छपरांवर चढला. भार ठरविण्याचे नियम मात्र मागाहून आले. भारतीय मानक ८७५ प्रथम १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८७ च्या आवृत्तीत त्याचे पाच भाग झाले. तिसरा भाग वाऱ्याचा, चौथा हिमाचा.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा नव्हे. हिमभार खाली दाबतो. त्यायोगे कैचीची खालची दांडी ताणली जाते. वाऱ्याच्या चोषणाने पत्रा उचलला गेला, की तीच दांडी दाबाखाली येते आणि सडपातळ असल्यास वाकते. संगणकाच्या प्रतिमानात वाऱ्यासोबत काल्पनिक हिमभार मिळविल्यास हे चोषण झाकले जाते, आणि जड दिसणारे गणित वस्तुतः दुर्बल ठरते. २०१४ मध्ये विदर्भात झालेली गारपीटही हिमभार नव्हे. तिचा आघात क्षणिक असतो. सारांश, परक्या प्रदेशाचा भार उसना घेतल्याने छप्पर सुरक्षित होत नाही.