खुल्या समुद्रातील मासेमारी : कंपन्यांवरील बंधने

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रांपलीकडील समुद्र कोणत्याही एका देशाच्या मालकीचा नाही. तेथे मासेमारीची मुभा असली, तरी संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार मत्स्यसाठ्यांचे संवर्धन बंधनकारक आहे. हे बंधन थेट कंपनीवर नसून, तिच्या जहाजावर ज्या देशाचा ध्वज असतो त्या देशावर असते. परवान्याच्या अटींद्वारे ते कंपनीला लागू होते.

हिंदी महासागरातील ट्यूना म्हणजेच कुपा माशांबाबतचे नियम १९९६ मध्ये स्थापन झालेला हिंदी महासागर ट्यूना आयोग ठरवतो. त्याचे मुख्यालय सेशेल्समध्ये असून भारत सदस्य आहे. जहाजाची अधिकृत यादीत नोंद, उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारी यंत्रणा, पकडलेल्या मासळीची नोंदवही आणि निरीक्षकांना सहकार्य, ही कंपनीची प्रमुख कर्तव्ये होत. अडीच किलोमीटरहून लांब वाहती जाळी वापरण्यास तसेच शार्कचे पर कापून उर्वरित मासा समुद्रात फेकण्यास मनाई आहे.

पिवळ्या पराच्या ट्यूनाची अतिमासेमारी होत असल्याचे २०१५ मध्ये आढळल्यानंतर आयोगाने २०१६ मध्ये पकड घटवण्याचा ठराव केला.

देखरेख ढिली असलेल्या देशाचा ध्वज घेऊन नियम टाळणे, ही या व्यवस्थेतील मोठी पळवाट आहे. त्यामुळेच २०१६ मध्ये अंमलात आलेल्या बंदर-राज्य उपाययोजना करारानुसार, बेकायदा मासेमारी करणाऱ्या परदेशी जहाजांना सदस्य देश बंदरात प्रवेश नाकारू शकतात. मासळी उतरवताच आली नाही, तर ती पकडण्यातील नफाही उरत नाही.