वादळांच्या जुन्या वाटा

समुद्रांत उठलेलें वादळ कोणीकडे वळेल, हें अजमावितांना मागील वादळांच्या वाटा ताडून पाहण्याची रीत जुनी आहे. कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन यांनीं जहाजांच्या रोजनिशा पडताळून अशा वाटा शोधल्या, व १८४८ सालीं ‘सायक्लोन’ हा शब्द प्रचारांत आणला.

कामवारी नदीकांठच्या, खाडीनजीकच्या भिवंडीसही हा विषय परका नाहीं. अरबी समुद्रांतील वादळें बहुधा गुजरातेकडे वा अरबस्तानाकडे जातात. क्वचित् एखादें उत्तर कोंकणावर येतें. नोव्हेंबर १९४८ मध्यें एक मुंबईवर आलें. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’नें अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडला, ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ अलिबागेच्या दक्षिणेस थडकलें.

‘निसर्ग’च्या वेळीं ‘१८९१ नंतरचें पहिलेंच संकट’ असें पुष्कळांनीं म्हटलें. परंतु १८९१ हें हवामान खात्याच्या वादळमार्गांच्या नोंदींचें आरंभसाल होय. आणि मधलीं वादळें तर विसरलींच गेलीं. उलटपक्षीं, जून १८८२ मध्यें मुंबईंत वादळानें लाख माणसें दगावलीं, ही कथा पुस्तकांतून फिरत राहिली. कुलाब्यास १८२६ पासून वेधशाळा होती, शहरांत वृत्तपत्रें निघत होतीं. तरी संशोधकांना ह्या प्रलयाचा पुरावा सांपडला नाहीं.

खोट्या नोंदीशीं केलेली तुलना भय वाढविते. खरी नोंद विसरल्यानें सावधपणा जातो. यास्तव भिवंडीकरांनीं १८८२ ची कथा सोडावी, व १९४८ चें वादळ मात्र ध्यानांत ठेवावें. तें खरोखर आलें होतें.