प्लास्टिक कचऱ्याचे अखंड पायरोलिसिस

प्लास्टिक कचऱ्याचे अखंड पायरोलिसिस ही टाकाऊ प्लास्टिक ऑक्सिजनविरहित पात्रात तापवून त्याचे तेल, ज्वलनशील वायू आणि कार्बनयुक्त घन अवशेष यांत रूपांतर करण्याची औद्योगिक प्रक्रिया होय. भट्टी न थांबवता एका टोकाने कचरा आत जात राहतो आणि दुसऱ्या टोकाने उत्पादने बाहेर पडत राहतात, म्हणून तिला अखंड म्हटले जाते. पायरोलिसिससाठी मराठीत उष्मीय अपघटन हा शब्दही वापरतात. लाकडापासून कोळसा पाडण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

प्लास्टिकपासून तेल निघते यात मुळात नवल नाही. बहुतेक प्लास्टिक खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासूनच तयार होते. खरी अडचण आहे ती मिश्र, ओलसर, मातीने माखलेला कचरा सतत चालणाऱ्या भट्टीला पुरवण्याची आणि त्यातून विकता येण्याजोगे इंधन काढण्याची.

रासायनिक स्वरूप

प्लास्टिक हे बहुवारिक असते, म्हणजे त्याचा रेणू हजारो लहान घटक एकमेकांना जोडून बनलेल्या लांब साखळीसारखा असतो. साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानाला या साखळीतील कार्बन-कार्बन बंध तुटू लागतात. हवा नसल्यामुळे पदार्थ पेट घेत नाही. पॉलिथिलिन व पॉलिप्रोपिलिनच्या साखळ्या कोठेही, यदृच्छेने तुटतात. त्यामुळे एक ते चार कार्बन अणूंचे वायू, त्याहून लांब रेणूंचे द्रव तेल आणि आणखी लांब रेणूंचे मेण असे मिश्रण हाती येते. पॉलिस्टायरिनपासून प्रामुख्याने स्टायरिन हे त्याचे मूळ एकवारिक मिळते. ॲक्रिलिक काच म्हणून ओळखले जाणारे प्लास्टिक तर जवळजवळ पूर्णपणे आपल्या एकवारिकात परत जाते.

स्वच्छ पॉलिथिलिन आणि पॉलिप्रोपिलिन वापरले तर वजनाच्या सुमारे ७० ते ८० टक्के द्रव मिळू शकतो. उरलेल्यात मुख्यतः वायू आणि थोडा घन अवशेष असतो. हा वायू भट्टी तापवण्यासाठी तेथेच जाळला जातो. सुरुवातीला बाहेरचे इंधन लागते, पण एकदा लय बसली की भट्टीची बरीचशी उष्णता या वायूतून भागते. मिश्र कचऱ्यापासून मिळणारे तेल याहून कमी असते.

झिओलाइटसारखे उत्प्रेरक वापरल्यास बंध कमी तापमानाला तुटतात आणि मेणाऐवजी पेट्रोल-डिझेलच्या टप्प्यातील रेणू अधिक मिळतात. मात्र उत्प्रेरकाच्या सूक्ष्म छिद्रांत कार्बन साचतो, कचऱ्यातील क्लोरीन व इतर अशुद्धींमुळे तो निकामी होतो आणि वारंवार बदलावा लागतो.

घाणा पद्धत आणि अखंड पद्धत

लहान कारखान्यांत बहुधा घाणा पद्धत, म्हणजेच बॅच पद्धत, चालते. पात्र भरायचे, झाकण बंद करून काही तास तापवायचे, थंड होऊ द्यायचे आणि उघडून आतली काजळी खरवडून काढायची, असा तिचा क्रम असतो. यंत्रसामग्री स्वस्त पडते, पण प्रत्येक घाण्यामागे संपूर्ण पात्र तापवण्याची आणि थंड करण्याची ऊर्जा वाया जाते. त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. पात्र पुरेसे थंड होण्याआधी उघडले गेले, तर आत उरलेल्या तप्त वाफेत हवा मिसळून आग लागते किंवा स्फोट होतो. काजळी खरवडणारा कामगार नेमका त्या तोंडाशीच उभा असतो. टाकाऊ टायरवर चालणाऱ्या कारखान्यांतही हाच धोका असतो.

अखंड पद्धतीत भट्टी उघडावी लागत नाही. कचरा कापून, धुऊन, वाळवून मळसूत्री यंत्रात घातला जातो. तेथे तो वितळतो, त्यातील हवा मागे रेटली जाते आणि वितळलेले प्लास्टिकच बुचाचे काम करते. भट्टीत प्लास्टिक शिरते, हवा शिरत नाही. दुसऱ्या टोकाला घन अवशेष दुहेरी झडपांमधून बाहेर काढतात. त्यांपैकी एक झडप उघडी असताना दुसरी बंद असते. अवशेष थंड केल्याखेरीज त्याला उघड्या हवेत येऊ देत नाहीत, कारण तप्त काजळी हवा लागताच पेटू शकते. यंत्र सुरू करताना आणि बंद करताना आतील हवा किंवा वाफ हुसकून लावण्यासाठी नायट्रोजन सोडतात.

भट्टीची रचना मुख्यतः तीन प्रकारची असते: फिरते आडवे पिंप, मळसूत्राने माल पुढे ढकलणारी नळी आणि वायूच्या झोताने उकळत्या द्रवासारखी हलणारी वाळूची शय्या. तिन्हींमागे एकच अडचण आहे. प्लास्टिक उष्णतेचे मंदवाहक असल्याने ते भिंतीलगत जास्त तापते आणि आत कमी, त्यामुळे भिंतीवर कार्बनचा थर धरतो. थर वाढला की उष्णता आत पोहोचत नाही, भिंत मात्र अधिकाधिक तापत जाते. वाळूच्या शय्येत उष्णता सर्वत्र सारखी पसरते, पण वाळू, काजळी आणि वायू एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. भट्टीतून निघालेली वाफ टप्प्याटप्प्याने थंड करून तेल जमवतात. नळी अकाली थंड झाली तर मेण गोठून तिचा मार्ग बंद होतो, त्यामुळे या नळ्याही गरम ठेवाव्या लागतात. अखंड म्हणवणाऱ्या कारखान्याचे खरे मोजमाप तो दिवसाला किती टन कचरा घेतो यापेक्षा सफाईसाठी न थांबता किती दिवस चालतो यावर करणे अधिक योग्य ठरते.

कचऱ्याची निवड

या प्रक्रियेचे यश बव्हंशी भट्टीच्या बाहेर ठरते. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. तापवल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो यंत्राचे धातू खातो आणि तेलात क्लोरीनयुक्त संयुगे सोडतो. म्हणून काही कारखान्यांत कचरा आधी ३०० अंशांच्या आसपास वितळवून हा वायू वेगळा काढतात आणि चुन्यासारख्या अल्कलीने निष्प्रभ करतात. पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी प्लास्टिकही निरुपयोगी ठरते. त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा ऑक्सिजन असल्याने तेल थोडे निघते आणि तयार होणारी सेंद्रिय आम्ले नळ्यांत भुकटीच्या रूपात साचतात. वेफर्सच्या पाकिटांतील ॲल्युमिनियमचा थर काजळीत उरतो. अन्नाला चिकटलेले मीठसुद्धा क्लोरीनची भर घालते.

ही निवड भारतात मुख्यतः कचरावेचक करतात. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करून त्याचे वर्गीकरण करते. येथे एक पेच उद्भवतो. पायरोलिसिसला सर्वांत मानवणारे, म्हणजे स्वच्छ व एकजिनसी पॉलिथिलिन-पॉलिप्रोपिलिन, भंगारात चांगला भाव मिळवते आणि त्याचा दाणा होऊन पुन्हा वस्तू बनतात. ज्याला भंगारवाला हात लावत नाही, त्या मळक्या पातळ पिशव्या आणि बहुस्तरीय पाकिटे मात्र भट्टीलाही सर्वांत जड जातात. भट्टीने दाण्यासाठी जाणारा माल ओढला तर कचरावेचकाच्या मिळकतीवर आणि पुनर्वापरावर आघात होतो. तो न ओढता फक्त उरलेले घेतले तर धुण्या-वाळवण्याचा खर्च वाढतो आणि तेल कमी निघते. या व्यवसायाचे बहुतेक आर्थिक प्रश्न या पेचातून निघतात.

प्रयोग आणि कारखाने

१९७० च्या दशकात जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठात हान्सयोर्ग सिन आणि वाल्टर कामिन्स्की यांनी वाळूच्या शय्येवरील पायरोलिसिसचा पाया घातला. बीएएसएफ कंपनीने लुडविक्सहाफेन येथे १९९४ मध्ये वर्षाला १५,००० टन क्षमतेचा प्रायोगिक कारखाना उभारला, परंतु पुरेशा कचऱ्याची दीर्घ मुदतीची हमी योग्य दराने न मिळाल्याने तो १९९६ मध्ये बंद केला. जपानमधील साप्पोरो येथे २००० साली फिरत्या भट्टीचा मोठा कारखाना सुरू झाला. घरगुती मिश्र कचऱ्यावर तो सुमारे दहा वर्षे चालला. त्या काळात जपानी पोलाद कारखानेही कोकभट्ट्यांत हाच कचरा वापरू लागले होते आणि तेलनिर्मितीला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागत होती. दोन्ही ठिकाणी तेल निघत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात या विषयाला प्रसिद्धी मिळाली ती नागपूरच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांच्यामुळे. २००० नंतरच्या दशकात त्यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने अखंड चालणारी पद्धत मांडली आणि नागपूरजवळ बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना उभा राहिला. पुण्यातील मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी 'रुद्र' या संस्थेमार्फत घरोघरचे प्लास्टिक गोळा करून जेजुरी येथे त्यापासून तेल काढण्याचा उपक्रम चालवला. डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेत ऑगस्ट २०१९ मध्ये दिवसाला १ टन क्षमतेच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. त्यातून रोज सुमारे ८०० लिटर डिझेल मिळेल असे तेव्हा सांगण्यात आले.

इंधनाचा दर्जा, कायदा आणि आक्षेप

पायरोलिसिसच्या तेलाला बोलीभाषेत डिझेल म्हटले जात असले तरी ते पंपावरचे डिझेल नसते. त्यात असंपृक्त हायड्रोकार्बन मोठ्या प्रमाणात असतात, साठवणुकीत ते एकमेकांना जोडले जाऊन चिकट राळ बनते. ऊर्ध्वपातन आणि हायड्रोजनची प्रक्रिया केल्याशिवाय ते १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ वाहनांच्या इंधनाची मानके पूर्ण करत नाही. त्यामुळे बहुतांश तेल बॉयलर आणि औद्योगिक भट्ट्यांत जाळले जाते. तेल शुद्ध करून त्यापासून पुन्हा प्लास्टिक बनवण्याचा पर्याय उपलब्ध आहे, पण त्यासाठी क्लोरीनची मर्यादा आणखी कडक असते.

भारतात प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने कचऱ्यापासून तेल काढण्यास वाव दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत मात्र तेलनिर्मितीची गणना पुनर्चक्रणात न करता रस्तेबांधणी व ऊर्जानिर्मितीसोबत अंतिम विल्हेवाटीत केली आहे आणि ज्याचे पुनर्चक्रण होऊ शकत नाही असेच प्लास्टिक त्यासाठी पाठवावे असे म्हटले आहे. या वर्गवारीमागचे कारण साधे आहे. तेल जाळले की प्लास्टिकमधील कार्बन हवेत जातो. १ किलो पॉलिथिलिन पूर्ण जळल्यास सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, मग ते थेट जाळले काय किंवा आधी तेल करून. समर्थकांचे म्हणणे असे की, तेवढ्याच खनिज तेलाची बचत होते आणि उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्याच्या विषारी धुरापेक्षा नियंत्रित ज्वलन केव्हाही बरे. हा युक्तिवाद कारखान्याची धूरशुद्धी प्रत्यक्षात चालू असेल तरच टिकतो. उरलेल्या काजळीत रंगद्रव्ये व पूरकांमधील जड धातू एकवटत असल्याने ती तपासणीविना इंधन किंवा भराव म्हणून वापरणे धोक्याचे असते.