जंतरमंतर, पाद्री आणि जगन्नाथ पंडित

जयपूरला पाहुणा आला की आपण त्याला जंतरमंतर दाखवतोच. मीही आजवर कितीतरी जणांना सम्राट यंत्रापाशी उभे करून सरकती सावली दाखवली आहे. महाराष्ट्रातून आलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘‘शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह केला तो जयसिंग हाच का?’’ तो नव्हे! तो तह १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगांनी केला. जंतरमंतर बांधणारे आणि १७२७ साली जयपूर वसवणारे सवाई जयसिंग (१६८८–१७४३) हे त्यांचे खापरपणतू. या सवाई जयसिंगांच्या पदरी मराठी पंडित होते, आणि त्याच दरबारात युरोपातील धर्मकलहाचा एक धागाही येऊन पोचला होता. त्याविषयी थोडे लिहावे म्हणतो.

महाराजांचे गुरू रत्नाकरभट्ट पुंडरीक हे महाशब्दे घराण्यातले महाराष्ट्रीय ब्राह्मण. ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ त्यांचा. गढगणेशाच्या पायथ्याशी ब्रह्मपुरीत पुंडरीकांची हवेली आहे. तिच्यातील भित्तिचित्रे पुरातत्त्व खात्याने संरक्षित केली आहेत. दुसरे जगन्नाथ पंडित, उपाधी ‘सम्राट’. (‘गंगालहरी’चे कर्ते जगन्नाथ पंडित वेगळे.) महाराजांच्या इच्छेवरून हे वेदविद्या जाणणारे गृहस्थ चक्क अरबी शिकले! नासिरुद्दीन तुसीच्या अरबी ग्रंथावरून त्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. तेच पंधरा अध्यायांचे ‘रेखागणित’. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथही त्यांनी अरबीतूनच संस्कृतात उतरवला.

आता गंमत अशी, की युरोपातही हेच दोन ग्रीक आधी अरबीच्याच वाटेने पोचले होते. अरबीवरून लॅटिनमध्ये गेलेला युक्लिड १४८२ साली व्हेनिसला छापला गेला. ज्याला आपण युरोपचे प्रबोधन म्हणतो, ते पुष्कळसे असे जुने ग्रंथ शोधून, ताडून आणि छापून घडले. पुढे १५१७ साली विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथरने चर्चकडून होणाऱ्या पापमुक्तीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. छापखान्यामुळे ते बघता बघता जर्मनीभर पसरले आणि पश्चिमेचा ख्रिस्ती धर्म दुभंगला. पोपची बाजू सावरायला जे पुढे आले त्यांत १५४० साली मान्यता मिळालेला जेझुइट संघ प्रमुख. हे पाद्री कडवे धर्मप्रचारक, आणि कसलेले गणितीही. आपल्या भिंतीवरची दिनदर्शिका पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये लागू केली. तिच्या गणिताची बाजू क्लावियस या जेझुइटाने सांभाळली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. धर्माच्या भांडणात पंचांगही सापडते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको!

गोव्याला या कलहाची झळ फार बसली. तेथे १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि एक छोटा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. देवळे पाडली गेली. मंगेशी, शांतादुर्गा ही दैवते भक्तांनी खाडीपलीकडे नेली. आपल्यापैकी काहींची ती कुलदैवते आहेत.

जयपूरला मात्र जेझुइट आले ते महाराजांनी बोलावले म्हणून. आग्र्याचे पाद्री मॅन्युएल द फिगरेदो यांना १७२७ च्या सुमारास त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे पाठवले. परतताना त्यांच्याबरोबर पेद्रो द सिल्वा हा जाणकार आला, आणि फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके मिळाली. १७३४ मध्ये चंद्रनगरहून बूदिए व पाँ हे फ्रेंच पाद्री वेध घेत घेत येथे पोचले, १७४० मध्ये गाबेल्सपर्गर व स्ट्रोब्ल हे जर्मन. महाराजांनी परकी कोष्टके जशीच्या तशी डोक्यावर घेतली नाहीत, हे मला विशेष वाटते. वेधाशी ताडल्यावर चंद्राच्या स्थानात अर्धा अंश आणि ग्रहणाच्या वेळेत पाव घटका, म्हणजे सहा मिनिटे, फरक निघाला. युरोपची यंत्रे लहान म्हणून ही चूक, असा निष्कर्ष ‘झीज-इ-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत आहे.

पण या पाद्र्यांच्या हाती सगळेच नव्हते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारे कोपर्निकसचे पुस्तक १५४३ मध्ये न्यूरेंबर्गला छापले गेले. १६१६ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत रोमने त्यावर बंदी घातली. अशा मतांच्या पुस्तकांवरची सरसकट बंदी १७५८ मध्ये उठली, तोवर महाराजांना जाऊन १५ वर्षे झाली होती. जेझुइटांना हे मत सिद्ध सत्य म्हणून शिकवण्याची मोकळीक नव्हती.

‘पाद्र्यांनी विद्या लपवली’ असे म्हणून काही जण येथे थांबतात. मला ते पुरेसे वाटत नाही. आपल्या पंडितांना ग्रहणे आणि तिथी अचूक हव्या होत्या, आणि त्यासाठी पृथ्वी स्थिर मानूनही काम भागत होते. मला खटकते ते वेगळेच. गोव्यात १५५६ पासून छापखाना होता, आणि महाराजांची मंडळी गोव्यावरूनच पोर्तुगालला गेली व परतली. जयपूरला पाद्री आले, कोष्टके आली, पुस्तके आली. छापखाना काही आला नाही. जगन्नाथ पंडितांचे ‘रेखागणित’ मोजक्या हस्तलिखितांत राहिले. ते छापले गेले १९०१-०२ साली, मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत, दोन खंडांत. व्हेनिसच्या युक्लिडनंतर ४१९ वर्षांनी! तोवर मुंबई इलाख्यातील शाळांत युक्लिड इंग्रजांच्या पुस्तकांवरून शिकवला जात होता.