यकृताचा कर्करोग व रक्तवाहिन्या
निरोगी यकृतास सु. ७५ टक्के रक्त प्रवेशिका नीलेतून मिळते. यकृतकोशिकांपासून उद्भवणारे मारक अर्बुद मात्र मुख्यत्वे यकृत रोहिणीच्या रक्तावर पोसले जाते. नव्या वाहिन्यांची निर्मिती रोखल्यास अर्बुदाची वाढ खुंटेल, अशी कल्पना अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञ जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. तथापि अर्बुदातील वाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असल्याने औषधही आत नीट पोहोचत नाही. म्हणून त्या नष्ट करण्याऐवजी सुस्थितीत आणाव्यात, असे राकेश जैन यांनी २००१ मध्ये सुचविले. वाहिनीवाढरोधक सोराफेनिबमुळे बळावलेल्या रोगातील मध्यक जीवितकाल ७·९ वरून १०·७ महिन्यांवर गेल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिरक्षा मोकळी करणारे अटेझोलिझुमॅब व वाहिनीवाढरोधक बेव्हासिझुमॅब यांचा संयुक्त उपचार २०२० मध्ये त्याहून सरस ठरला. या यशात वाहिन्यांच्या सुधारणेचाही वाटा असावा, असे मानले जाते.