प्रवासवर्णनातील शहर : खिडकीतून दिसलेले आणि मुक्कामात उमगलेले

मध्य रेल्वेच्या मुंबई-भुसावळ मार्गावर मनमाड सोडले की सुमारे पंचवीस किलोमीटरवर नांदगाव लागते. नाशिक जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० च्या दशकात खानदेशाकडे सरकला. त्यानंतर काही दशके वेरूळची लेणी पाहावयास निघालेला युरोपीय प्रवासी याच स्थानकावर उतरून पुढे टांग्याने जात असे. त्यामुळे त्या काळच्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत नांदगावचे नाव आढळते. पण 'वेरूळसाठी येथे उतरावे' यापलीकडे गावाची फारशी ओळख त्यांत नाही. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड-औरंगाबाद-हैदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला, प्रवाशांची वाट बदलली आणि नांदगावचे ते नावही पुस्तकांतून मागे पडले. गाव मात्र होते तेथेच राहिले.

लेखकाला एखादे स्थळ कसे दिसते, हे तो कोणत्या वाटेने आला, कोठे उतरला आणि किती दिवस राहिला यावर बरेचसे अवलंबून असते. नांदगावसारख्या लहान गावाच्या वाट्याला यातून विस्मरण येते. याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुंबईच्या वाट्याला मात्र इतरांनी रंगवलेली प्रतिमा आली.

वसाहतकाळातील परदेशी पाहुणे मुंबईकडे बहुधा बंदरातून पाहत. अल्डस हक्सली यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या 'जेस्टिंग पायलट' या प्रवासवर्णनात मुंबईच्या वास्तुशैलीची टिंगल केली. पुढे येथील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. हक्सली यांच्या कितीतरी आधी, १८६३ मध्ये, गोव्यातून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या गोविंद नारायण माडगावकर यांनी 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ लिहिला होता. येथील रस्ते, बाजार, देवळे, जातीजमाती आणि सणवार यांची तपशीलवार नोंद त्यात आहे. मराठीत असल्याने परदेशी वाचकांपर्यंत तो पोहोचला नाही. त्याचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने यावयास एकविसावे शतक उजाडावे लागले.

स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईचे सर्वाधिक वादग्रस्त चित्रण व्ही. एस. नायपॉल यांचे. त्रिनिदादमध्ये जन्मलेले, भारतातून तेथे गेलेल्या कुटुंबातील हे लेखक १९६२ मध्ये प्रथम भारतात आले. 'ॲन एरिया ऑफ डार्कनेस' (१९६४) या पुस्तकाच्या आरंभीच दारूबंदीच्या मुंबईत जप्त झालेल्या बाटल्या आणि परवान्यासाठी कचेऱ्यांत घातलेल्या खेपा येतात. नव्या राष्ट्राचे पहिले दर्शन वाचकाला कागद आणि शिक्के यांतून घडते. अस्वच्छता आणि दैन्य यांबद्दलचा लेखकाचा उद्वेग पुढे पानोपानी जाणवतो.

या पुस्तकाला मुंबईकर कवी निस्सीम इझिकेल यांनी एका दीर्घ लेखातून उत्तर दिले. घाण आणि गैरव्यवस्था आहे, हे त्यांनी नाकारले नाही. नायपॉल यांनी या परिस्थितीत जगणाऱ्या माणसांना समजून घेण्याची तसदी घेतली नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. हे शहर इझिकेल यांचे घर होते. तेथून निघून जाण्याची सोय पाहुण्याला होती.

नायपॉल यांच्या नंतरच्या लेखनात बदल दिसतो. 'इंडिया : अ मिलियन म्युटिनीज नाऊ' (१९९०) या ग्रंथात ते स्वतःचा त्रागा बाजूला ठेवून लोकांना बोलू देतात. मुंबईच्या प्रकरणात शिवसैनिक भेटतात, शेअर बाजारातील दलाल भेटतो, तसेच नामदेव ढसाळ आणि मल्लिका अमरशेख यांच्याशी झालेला विस्तृत संवादही येतो. शहराचे प्रश्न या काळात संपले नव्हते. लेखकाची पद्धत मात्र बदलली होती.

पुढच्या पिढीने मुक्काम आणखी वाढवला. मुंबईत बालपण घालवून १९७७ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले सुकेतू मेहता १९९८ मध्ये परतले आणि त्यातून 'मॅक्झिमम सिटी' (२००४) साकारले. तरीही गुन्हेगारी टोळ्या, पोलीस आणि डान्स बार यांनाच त्यात मोठी जागा मिळाली. कॅथरीन बू यांनी विमानतळालगतच्या अण्णावाडी या वस्तीत २००७ ते २०११ या काळात वारंवार जाऊन, दुभाष्यांची मदत आणि माहिती अधिकारातून मिळालेली कागदपत्रे यांच्या आधारे २०१२ मध्ये पुस्तक सिद्ध केले. ते रूढ अर्थाने प्रवासवर्णन नव्हे; पण परक्या भाषेतील लेखकाला किती कष्ट घ्यावे लागतात, याचा तो नमुना आहे.

या लेखनाचे काही ठरीव साचे आता ओळखू येतात : विमानतळ ते हॉटेल या रस्त्यावरील पहिला धक्का, मनोऱ्याशेजारची झोपडी, लोकलची गर्दी. यातील एकही गोष्ट खोटी नाही. पण याच तुकड्यांतून शहराविषयीचे जगाचे मत बनते, आणि गिरणगावातील कामगाराचे किंवा लोकलने रोज ये-जा करणाऱ्या कारकुनाचे आयुष्य त्या चौकटीबाहेर राहते.

हा निकष मराठी लेखकांनाही लागू होतो. पु. ल. देशपांडे यांनी 'अपूर्वाई'त लंडन आणि 'पूर्वरंग'मध्ये आग्नेय आशियातील देश पाहुण्याच्या नजरेने टिपले. मीना प्रभू यांचे 'माझं लंडन' मात्र दीर्घ वास्तव्यातून आले. पाहुण्याची नजर ताजी असते, रहिवाशाची सखोल. दोहोंचे मोल वेगळे आहे आणि वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

आजही अनेक लांब पल्ल्याच्या गाड्या नांदगावला न थांबता पुढे जातात. खिडकीतून फलाटावरची पाटी क्षणभर दिसते. ती वाचली म्हणजे गाव पाहिले, असे गाडीतील कोणी म्हणत नाही. मोठ्या शहराविषयी लिहिताना मात्र ही सावधगिरी अनेकदा सुटते.